छत्तीस सेंटिमीटरची सावली

२१ मार्चला माहुरात घड्याळात १२ वाजून २६ मिनिटं झाली, की मोकळ्या जागेत सरळ रोवलेल्या एक मीटर उंचीच्या काठीची सावली नेमकी उत्तरेकडे वळते आणि दिवसातली सर्वांत आखूड होते. टेप लावला तर ती भरते ३६ सेंटिमीटर. बाराच्या ठोक्याला का नाही, असं पोरं विचारणारच. आपली घड्याळं चालतात ८२.५ अंश रेखांशावरच्या वेळेनं. माहूर त्याच्या पश्चिमेला साडेचार अंश. एका अंशाला चार मिनिटं धरली तर अठरा मिनिटं इथंच गेली. उरलेली सात-आठ मिनिटं पृथ्वीच्या कललेल्या आसाची आणि लंबगोल कक्षेची.

ही सावली मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. काठी, ओळंबा, टेप आणि थोडा धीर एवढ्यावर भागतं. मार्चात सकाळची शाळा लागलेली असेल, तर गुरुजींना पोरं तासभर थांबवून घ्यावी लागतील इतकंच. २३ सप्टेंबरलाही सावली तेवढीच पडते, पण त्या दिवसांत माहूरच्या डोंगरांवर ढग किती असतात ते माहूरकरांना सांगायला नको. ‘शून्य सावली’चंही तसंच आहे. सूर्य माहूरच्या डोक्यावर येतो २० मेच्या सुमाराला, तेव्हा शाळेला सुट्टी. दुसऱ्यांदा येतो २४ जुलैच्या आसपास, तेव्हा आभाळ गच्च. विषुवदिन बरा.

आपल्या लोकांना ही सावली नवी नाही. जुन्या ज्योतिषात बारा अंगुळांचा शंकू उभा करून विषुवदिनाच्या मध्यान्हीची सावली मोजत आणि तिला ‘पलभा’ म्हणत. गावोगावच्या पलभा पंचांगात छापलेल्या असत, कारण त्यावरून गावाचा अक्षांश निघे आणि अक्षांशावरून सूर्योदयाचं गणित. पुण्याची पलभा जवळपास ४ अंगुळं. माहूरची काढली तर ४ अंगुळं २० व्यंगुळं येते (साठ व्यंगुळांचं एक अंगूळ). आजोबांच्या पंचांगातला हा आकडा आणि नातवाच्या टेपवरचे ३६ सेंटिमीटर ही एकच गोष्ट आहे, हे कळल्यावर आठवीच्या पोरांचे चेहरे बघण्यासारखे होतील.

पण एकट्या ३६ या आकड्यावरून पृथ्वीबद्दल काही कळत नाही. ती सपाट असती आणि सूर्य जवळ असता, तरी काठीची काही ना काही सावली पडलीच असती. आकड्याला अर्थ येतो तो दुसऱ्या गावाचा आकडा शेजारी ठेवला की. माहूरचा रेखांश ७७.९. गंमत अशी की कन्याकुमारी आणि लेह ही दोन्ही गावं जवळजवळ याच रेषेवर आहेत, आणि हीच रेषा हिमालय ओलांडून पुढं नेली तर कझाकस्तानातलं अल्माटी लागतं. त्याच दिवशी त्याच उंचीच्या काठीची मध्यान्हीची सावली कन्याकुमारीला १४ सेंटिमीटर, माहूरला ३६, लेहला ६८ आणि अल्माटीला ९४. अल्माटीची मध्यान्ह माहूरनंतर अवघ्या चार मिनिटांनी होते. म्हणजे दोन्हीकडची पोरं एकाच वेळी काठीभोवती वाकून बसलेली असणार.

आता माहूर आणि अल्माटीचे आकडे घेऊन आलेखाच्या कागदावर त्रिकोण काढायचे आणि कोनमापक लावायचा. माहूरचा कोन येतो १९.८ अंश, अल्माटीचा ४३.२. फरक २३.४ अंशांचा. पूर्ण वर्तुळात असे सुमारे १५.४ तुकडे बसतात. दोन गावांमधलं सरळ उत्तर-दक्षिण अंतर साधारण २,६०० किलोमीटर. गुणाकार केला की ४०,००० किलोमीटर. हा पृथ्वीचा घेर. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख एरॅटोस्थेनिस यानं हेच केलं होतं. सायीन, म्हणजे आजच्या अस्वानला सूर्य डोक्यावर असताना अलेक्झांड्रियाला तो ७.२ अंश कललेला. म्हणजे दोन शहरांमधलं अंतर वर्तुळाचा पन्नासावा भाग. आज अनेक देशांतल्या शाळा विषुवदिनाच्या सुमाराला जोड्या लावून हा प्रयोग करतात.

वर्गात एखादा चौकस पोरगा असतोच. तो म्हणेल, ‘सर, ते २,६०० किलोमीटर कुठून आणले? नकाशावरून? मग नकाशा काढणाऱ्याला घेर आधीच ठाऊक होता की!’ त्याचं बरोबर आहे. अंतर कुणीतरी कधीतरी जमिनीवर मोजावंच लागलं. आणि ते जिथं मोजलं गेलं ती रेषा आपल्याच भागातून जाते. इंग्रज मोजणीदार विल्यम लॅम्टननं १८०२ साली मद्रासजवळ साडेसात मैलांची पहिली पायारेषा साखळीनं मोजली. तेवढ्याला ५७ दिवस लागले. तिथून त्रिकोणाला त्रिकोण जोडत, ७८ अंशांच्या रेखांशाला धरून मोजणी उत्तरेकडे सरकत गेली. बिदरजवळच्या दमरगिद्द्याहून वऱ्हाडाकडे जाताना ती नांदेडच्या या पट्ट्यातूनच गेली. लॅम्टन १८२३ साली काम अर्धवट टाकून वारला, तोही हिंगणघाटला. माहूरहून फार लांब नाही. काम पुढं नेणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्टचं नाव शिखराला मिळालं. लॅम्टनची कबर हिंगणघाटला आहे, आणि शाळेच्या सहली शेगावला जाताना तिकडं वळत नाहीत.

एवढं सावलीपुराण लावण्याचं कारण वेगळं आहे. दोन देशांतले वर्ग एकमेकांना जोडून जगाचे प्रश्न शिकवायचे, असं आता शिक्षणात बरंच बोललं जातं. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली ठरवलेल्या सतरा शाश्वत विकास उद्दिष्टांमध्ये जागतिक नागरिकत्वाचं शिक्षण हा पोटभाग आहे. त्यातून पडद्यावर दोन वर्ग समोरासमोर बसवले जातात. इकडून ‘नमस्ते’ होतं, तिकडून ‘हॅलो’. इकडून लेझीम, तिकडून गाणं. टाळ्या, फोटो, व्हॉट्सॲपच्या गटावर अभिनंदन, संपलं. यात पोरांना मजा येते आणि मजेला माझी हरकत नाही. पण कळत काही नाही. माझ्या मते वर्ग जोडणं म्हणजे दोन ठिकाणी एकच प्रश्न विचारायचा, दोन्हीकडे तो एकाच मापानं मोजायचा आणि उत्तरांमधल्या फरकाकडे बोट दाखवून ‘असं का?’ म्हणायचं. काठी आणि सावली हा त्याचा सर्वांत स्वस्त नमुना.

ही कल्पना इंटरनेटनं आणलेली नाही. फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने नावाच्या खेड्यातल्या मास्तरानं १९२० च्या दशकात वर्गात छापखाना बसवला. पोरांनी आपल्या गावाबद्दल लिहायचं, स्वतः जुळणी करून छापायचं आणि दूरच्या दुसऱ्या शाळेला टपालानं पाठवायचं. तिकडून तसंच येई. आपल्याकडे साने गुरुजींनी ‘आंतरभारती’चं स्वप्न पाहिलं ते याच जातीचं होतं. एका प्रांताच्या पोरांनी दुसऱ्या प्रांताची भाषा आणि माणसं ओळखावीत. पुढं शीतयुद्ध ओसरत असताना, १९८८ साली, न्यूयॉर्क राज्यातल्या आणि मॉस्कोतल्या शाळा संगणकानं जोडल्या गेल्या आणि त्यातून ‘आयअर्न’ हे शाळांचं जाळं उभं राहिलं. १९९५ साली अमेरिकेतून ‘ग्लोब’ सुरू झालं. त्यात शाळेतली मुलं तापमान, पाऊस, मातीचा ओलावा ठरलेल्या पद्धतीनं मोजतात आणि नोंदी एका ठिकाणी जमा होतात. भारत त्यात २००० साली आला. मला यातलं ‘ग्लोब’ सर्वांत आवडतं. तिथं गप्पांच्या आधी पर्जन्यमापक येतो.

महाराष्ट्रात या वाटेवरचं सर्वांत गाजलेलं नाव रणजितसिंह डिसले यांचं. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडी. तिथली जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा. डिसले २००९ साली तिथं गेले तेव्हा शाळेची इमारत पडकी होती, गोठा आणि कोठाराच्या मध्ये अडकलेली. पुस्तकात क्यूआर कोड छापून कविता, धडे, व्हिडिओ मोबाइलवर उघडता येतील अशी सोय त्यांनी केली. ती पुढं राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली. ३ डिसेंबर २०२० ला त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ जाहीर झालं. रक्कम दहा लाख डॉलर. त्यातली निम्मी त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटून टाकली. वर्तमानपत्रांनी क्यूआर कोड आणि डॉलर यांवर रकाने भरले. आपल्या विषयाच्या दृष्टीनं महत्त्वाचा होता तो त्यांचा तिसराच उद्योग, ‘लेट्स क्रॉस द बॉर्डर्स’.

त्याची रचना अशी. ज्या देशांचं एकमेकांशी पटत नाही त्यांच्या मुलांच्या जोड्या लावायच्या. भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाईन, इराण-इराक, अमेरिका-उत्तर कोरिया. प्रत्येक मुलाला पलीकडचा एक ‘शांतिमित्र’. सहा आठवडे दोघांनी मिळून सादरीकरण तयार करायचं, पाहुण्यांची भाषणं एकत्र ऐकायची, आपल्यात सारखं काय आहे ते शोधायचं. पुरस्कार देणाऱ्या संस्थेनं तेव्हा दिलेला आकडा आठ देशांतल्या १९,००० मुलांचा आहे.

मला त्यातला १९,००० पेक्षा सहा हा आकडा मोठा वाटतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यानं १९५४ साली पूर्वग्रहांवर पुस्तक लिहिलं. त्यात त्यानं सांगितलं, की नुसती गाठभेट झाली म्हणून दोन गटांतली अढी जात नाही, उलट वाढूही शकते. अढी कमी व्हायला चार गोष्टी लागतात. दोघांचा दर्जा त्या भेटीपुरता तरी सारखा हवा. दोघांना गाठायचं काही एकच असावं. ते एकमेकांच्या मदतीशिवाय गाठता येऊ नये. आणि वरच्यांचा, म्हणजे शाळेचा, गावाचा, सरकारचा या भेटीला पाठिंबा हवा. चाळीस मिनिटांच्या व्हिडिओ कॉलमध्ये यातलं एकही बसत नाही. सहा आठवडे जोडीनं काम केलं तर निदान तीन बसतात. चौथ्याचं, म्हणजे सरकारांचं, मास्तरच्या हातात काय आहे?

दर्जा सारखा हवा ही अट सर्वांत अवघड. श्रीमंत देशातला वर्ग आणि आपल्या डोंगरातला वर्ग जोडला की पुष्कळदा भेटीची कनवाळू दानशाळा होते. तिकडचे विचारतात, इकडचे सांगतात. तिकडचे हळहळतात, इकडचे आभार मानतात. दोन-चार आठवड्यांनी वह्या-पेनांचा खोका येतो. खोका नको असं कोण म्हणेल? पण त्या दिवसापासून जोडी तुटली. एक देणारा झाला आणि एक घेणारा.

हा तोल कसा साधावा याचं एक उदाहरण मराठवाड्यातच पडून आहे, कुणी उचललेलं नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला पाणी रेल्वेनं आणावं लागलं. १२ एप्रिलच्या पहाटे मिरजेहून दहा टाक्यांची पहिली गाडी आली, पाच लाख लिटर घेऊन. त्याआधी मार्चात टाक्यांवर आणि भरण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावली होती. दोनच वर्षांनी दक्षिण आफ्रिकेत केपटाउनवर तीच पाळी आली. धरणं आटली आणि ‘डे झिरो’ची तारीख सांगितली जाऊ लागली. त्या दिवशी शहराचे नळ बंद होणार आणि लोकांनी सुमारे दोनशे ठरलेल्या ठिकाणांहून माणशी २५ लिटर न्यायचं. तो दिवस टळावा म्हणून १ फेब्रुवारी २०१८ पासून माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा घातली. अंघोळ दोन मिनिटांत उरका, शौचालयात वापरलेलं पाणी टाका, असं सांगणारे फलक लागले. जगभरच्या वर्तमानपत्रांत त्याचे फोटो आले. ‘डे झिरो’ टळला.

आता हे ५० लिटर आपल्या आकड्याशेजारी ठेवा. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनचं उद्दिष्ट आहे ग्रामीण भागात माणशी दिवसाला ५५ लिटर. म्हणजे केपटाउनची आणीबाणी आणि आपली योजना यांत फक्त पाच लिटरचा फरक. हा फरक पुस्तकात वाचला तर डोळ्यांखालून निघून जातो. पण माहूरच्या एखाद्या तांड्यावरच्या सातवीच्या पोरीनं आठवडाभर घरातलं पाणी मोजलं, तर? लिटरच्या बाटलीनं आधी हंड्याचं माप घ्यायचं. मग किती हंडे आणले, कुणी आणले, जायला-यायला किती वेळ गेला, जनावरांना किती, भांड्यांना किती, हे वहीत उतरवायचं. केपटाउनच्या वस्तीतल्या पोरानंही तेच करायचं. आठवड्यानं वह्यांचे फोटो एकमेकांकडे. तिथं दया दाखवायला जागाच राहत नाही. उलट केपटाउनचं पोरगं हिच्याकडून शिकेल, कारण थोडक्या पाण्यात घर चालवण्यात ही तज्ज्ञ आहे. आणि ‘कुणी आणले’ या रकान्यात दोन्ही वह्यांमध्ये काय दिसतं, आईचं नाव की बापाचं, यावर दोन तास चर्चा होईल. त्या चर्चेत आपल्या बाजूला फार अभिमान वाटावा असं काही निघणार नाही. निघू द्यावं.

दुसरं उदाहरण कापसाचं. माहूर-किनवटच्या काळ्या रानात कापूस असतो आणि दिवाळीच्या पुढंमागं वेचणीला घरची पोरंही लागतात. १८६१ ते ६५ या काळात अमेरिकेत यादवी झाली, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, लँकेशरच्या गिरण्या थंडावल्या आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हता तो भाव आला. युद्ध संपलं, भाव कोसळला. इतिहासाच्या पुस्तकात हे दोन ओळींत येतं. आज आपला कापूस आणि सूत बांगलादेशात जातं, तिथं त्याचे कपडे शिवले जातात. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ सावारला राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळून ११०० हून अधिक कामगार गेले. बहुतेक बायाच. एकीची आई किलोमागं मजुरी घेऊन कापूस वेचते, दुसरीची आई नगामागं शर्ट शिवते. दोघींनी घरी विचारून आपापल्या आईचा दिवस लिहून काढायचा आणि मग अंगातल्या शर्टाच्या कॉलरखालची पट्टी वाचायची. शर्टाच्या किमतीतले किती रुपये कुठं राहिले, हे गणिताच्या तासाला. ढाका आपल्यापेक्षा अर्धा तासच पुढं आहे, वेळेचीही अडचण नाही.

वेळेचं सांगायलाच हवं, कारण उत्साही शिक्षक पहिली जोडी अमेरिकेशी लावायला जातात आणि तिथंच अडतात. न्यूयॉर्कला सकाळी नऊला शाळा भरते तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. पोरं घरी, गुरुजी नांदेडच्या बसमध्ये. लंडनचे सकाळचे नऊ म्हणजे हिवाळ्यात आपले अडीच, जमण्यासारखं. केनिया आपल्या अडीच तास मागं, केपटाउन साडेतीन तास मागं, व्हिएतनाम दीड तास पुढं. जोडी जमवण्यासाठी नकाशा बघताना पूर्व-पश्चिमेपेक्षा वर-खाली बघावं, म्हणजे घड्याळाशी भांडण होत नाही.

आणि वीज? रेंज? ती कुठल्या झाडाखाली येते हे गुरुजींना माहीत असतं आणि पुष्कळदा डेटाही त्यांच्याच खिशातला असतो. म्हणूनच मला थेट कॉलचा फार सोस नाही. वहीच्या पानाचा फोटो, मिनिटभराचं रेकॉर्डिंग, आठवड्याची पावसाची नोंद रात्री कधीतरी रेंज आली की जाते आणि पलीकडे सकाळी उघडते. यात आणखी एक फायदा आहे. थेट कॉलवर वर्गातली चुणचुणीत चार पोरंच बोलतात. वहीत मागच्या बाकावरची पोरगीही लिहिते. फोटोत पोरांचे पत्ते, फोन नंबर जाऊ नयेत आणि पालकांना आधी सांगावं, हे मात्र न चुकता बघायचं.

भाषेची भीती सर्वांत जास्त घातली जाते. इंग्रजी येत नाही, मग बोलणार काय? इथं माहूर-किनवटची पोरं पुण्याच्या पोरांपेक्षा पुढं आहेत, फक्त त्यांना कुणी तसं सांगितलेलं नाही. तांड्यावरचं पोर घरी गोरमाटी बोलतं, शाळेत मराठी. गोंड आणि कोलाम पाड्यांवरची पोरं घरी गोंडी, कोलामी बोलतात, बाजारात तेलुगू कानावर पडते. किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता, तेव्हा ते साहजिकच आहे. नवरात्रात रेणुकेच्या गडावर उभं राहिलं, की मराठीइतकीच तेलुगू ऐकू येते आणि हातावर तांबूल घेताना कुणाचं काही अडत नाही. तीन भाषांत वावरणाऱ्या पोराला चौथी मोडकीतोडकी बोलायला लाज वाटायचं कारण नाही. त्यातून समोर अल्माटीचं पोर असेल तर त्याचीही घरची भाषा कझाक, बाजारातली रशियन, आणि इंग्रजी आपल्यासारखीच तिसरी. दोघांचंही व्याकरण चुकणार, आणि मगाशी म्हटलेला सारखा दर्जा आपोआप येणार. उलट इंग्रजी मातृभाषा असलेल्या वर्गाशी जोडी लागली की आपला वर्ग बोबडा होतो.

शिक्षणसंशोधक सुगत मित्रा यांच्या ‘ग्रॅनी क्लाउड’मध्ये इंग्लंडातल्या आज्या व्हिडिओवरून आपल्याकडच्या पोरांना गोष्टी सांगत, आणि त्यांच्या ‘स्कूल इन द क्लाउड’ची एक खोली फलटणलाही होती. कौतुक करत ऐकणारी परकी आजी पोरांना मोकळं करते, हे त्यांचं निरीक्षण मला पटतं. एक गोष्ट मात्र राहून जाते. आपल्या तांड्यावरची आजी इंग्लंडातल्या पोरांना गोष्ट का सांगत नाही? गोरमाटीत सांगू द्या. पोरगी मराठीत करेल, गुरुजी इंग्रजीत.

आता पुन्हा त्या काठीकडे. अल्माटीची जोडी चांगली, कारण सावल्यांत फरक पडतो. पण एक जोडी अशीही आहे की जिथं फरक पडतच नाही. माहूरच्याच अक्षांशावर पश्चिमेकडे बोट सरकवत अरबी समुद्र आणि अरबस्तान ओलांडलं, की तांबड्या समुद्राच्या काठी सुदानचं पोर्ट सुदान हे बंदर लागतं. विषुवदिनाला तिथंही मीटरभर काठीची सावली ३६ सेंटिमीटर. सूर्य तितकाच वर, ऊन तितकंच. माहूरच्या डोंगरांत साग उभा आहे, पैनगंगा वाहते. पोर्ट सुदानला वर्षभराचा पाऊस आपल्याकडे एका दमदार दिवसात पडावा इतका. सावली सारखी असून पाऊस इतका वेगळा का, हा प्रश्न फळ्यावर लिहिला तर मोसमी वारे, समुद्र, डोंगर, वाळवंट असा भूगोलाचा अर्धा अभ्यासक्रम त्यातून निघेल.

जोडी मात्र लागणं कठीण. सुदानमध्ये एप्रिल २०२३ पासून युद्ध पेटलं, राजधानी खार्टुममधून लाखो माणसं बाहेर पडली, त्यातली पुष्कळ पोर्ट सुदानला आली आणि तिथल्या कितीतरी शाळांच्या वर्गांत वर्ग भरण्याऐवजी कुटुंबं राहू लागली. तिथली मध्यान्ह आपल्यानंतर दोन तास त्रेचाळीस मिनिटांनी होते. माहूरची पोरं काठी उपटून, टेप गुंडाळून घरी जाऊन जेवलेली असतील, तेव्हा आपल्या घड्याळात तीन वाजून नऊ मिनिटांनी तिकडे एखाद्या शाळेच्या पटांगणात कपडे वाळत घालायला रोवलेल्या बांबूची सावली उत्तरेकडे वळेल. मोजली तर बांबूच्या प्रत्येक मीटरमागं छत्तीस सेंटिमीटर.